नारपोलीचा शुक्रवार

भिवंडीला चाललोय म्हटल्यावर सांगलीत ज्याने त्याने एकच विचारलं, "कापड आणायला?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न तयार, "मग कशाला मरायला?" गाणंबजावणं ऐकायला चाललोय म्हटलं असतं, तर लोकांनी मला तसंच उचलून मिरजेच्या एखाद्या डॉक्टरपुढे नेऊन बसवलं असतं. आमच्याकडची पक्की समजूत अशी, की गाणं काय ते कृष्णाकाठाला. घाट उतरला की खाली नुसता घाम आणि धंदा. खोटं कशाला बोलू, मीही त्याच मताचा होतो. नव्वद साल उजाडायच्या आधीच्या त्या हिवाळ्यात चार दिवसांत माझा हा माज साफ उतरला.

जायचं खरं कारण म्हणजे माझं बोट. मी मोजणी खात्यातला कारकून, पण तीस वर्षं संध्याकाळी व्हायोलिन वाजवत आलेला. गणपतीत आमच्या पेठेत माझी एक धून ठरलेली असे. पिलू रागातली, मीच बांधलेली, आणि वेग असा की तबलजीने शर्ट पिळून काढावा. लोक टाळ्या द्यायचे त्या वेगाला, आणि मीही त्या टाळ्यांवर वर्षभर जगायचो. मग डाव्या हाताची अनामिका आखडायला लागली. सांधा धरला. बोट स्वरावर पोचायचं, पण स्वर निघून गेल्यावर. त्या वर्षीच्या गणपतीत धून मध्येच सोडून मी खाली उतरलो, आणि तेव्हापासून व्हायोलिनचा बॉक्स उघडला नाही. डॉक्टरांनी शेक सांगितला, वैद्यांनी तेल दिलं, आणि भिवंडीच्या करंदीकर मास्तरांनी पत्रातून अकलोलीची गरम पाण्याची कुंडं सुचवली.

या मास्तरांना मी तोवर पाहिलेलंसुद्धा नव्हतं. एका मासिकाच्या वाचकांच्या पत्रांत बाजाच्या पेटीवरून आमचं जोरदार भांडण झालं होतं. भांडणातून पत्रं सुरू झाली, पत्रांतून कॅसेटी. मी माझं वादन भरून पाठवायचो; मास्तर त्यांच्या मित्रांचं पाठवायचे. त्यात कव्वाली काय, आगरी लग्नातली गाणी काय, बेंजोवरच्या चाली काय! बेंजो म्हणजे बटणं दाबून तारा छेडायचं ते वाद्य. मी नाक मुरडत ऐकायचो आणि उत्तरात दोन ओळी बऱ्या लिहायचो. माझी ती पिलूतली धून पाठवली तेव्हा मात्र मास्तरांचं चार पानी पत्र आलं. "तुमच्या वादनात केवढी शांती आहे, केवढा ठहराव!" शांती? माझ्या धुनीत? मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मास्तर फारच सभ्य माणूस दिसतोय असं म्हणून ठेवून दिलं.

निघताना मी मनाशी पक्कं केलं होतं. कुंडाने बोट सुटलं तर उत्तमच. नाही सुटलं तर व्हायोलिन भिवंडीतच मास्तरांच्या हवाली करायचं. घरात ते डोळ्यांसमोर नको. हिला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटलं, मी वाजवायलाच घेऊन चाललोय. तिने हौसेने बॉक्सच्या जोडीला भडंगाची पिशवी बांधून दिली.

भिवंडी, बुधवार

एस.टी. स्टँडवर एक किडकिडीत गृहस्थ डोक्यावर हात उंच करून उभे होते. हातात कॅसेट. ते करंदीकर मास्तर. शाळेत गणित शिकवतात, घरी पेटी वाजवतात आणि नाट्यपदं गातात. "सबनीस ना? चला, वहिनींनी भडंग दिलं असेलच," हे त्यांचं पहिलं वाक्य. गेली तीन वर्षं या माणसाशी मी भांडतोय असं मला वाटेचना.

घरी सुधावहिनींनी वालाचं बिरडं आणि तांदळाची मऊ भाकरी वाढली. आम्ही ज्वारीची माणसं. चौथ्या भाकरीला मी लाजलो, पाचवीला लाजायचं सोडून दिलं. जेवताना कुठून तरी सारखी घरघर ऐकू येत होती. मी विचारलं, "गिरणी आहे का जवळ?" वहिनी हसल्या. "गावच आहे भावजी. आम्हाला ऐकू येत नाही ते."

दुपारी मास्तर मला मागांच्या वस्तीत, नारपोलीला घेऊन गेले. इचलकरंजीचे माग मी पाहिलेले आहेत, म्हणून मी जरा ऐटीतच होतो. पण नारपोलीच्या गल्लीत शिरलो आणि छातीतच काहीतरी धडधडायला लागलं. दोन्ही अंगांना कारखाने, प्रत्येकात लूम, आणि सगळे एकदम चाललेले. कपातला चहा आपोआप हिंदकळत होता. इतक्या माणसांचं पोट या एका आवाजावर चाललंय या विचाराने मी आपोआप गप्प झालो. बोललो असतो तरी कोणाला ऐकू गेलं असतं म्हणा.

मास्तरांचे मित्र इक्बालभाई यांचा बारा लूमचा कारखाना त्या गल्लीच्या टोकाला. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. पांढरी दाढी, अंगावर कापसाची लव. कॅसेटीतला बेंजो यांचाच. लांबूनच त्यांनी मला पाहिलं, कपाळाला हात नेला, दोन बोटं ओठांशी नेली, मग एक बोट निम्म्यावर कापून दाखवलं. मास्तरांनीही हातानेच काहीतरी उत्तर दिलं.

"काय म्हणाले?" मी मास्तरांच्या कानात ओरडलो.

"चहा घेणार का, आणि साखर अर्धी ना, असं विचारलं. तुम्हाला साखर कमी लागते हे मी सांगितलं होतं."

तिथे सगळेच असं बोलत होते. कामगार या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांनी थट्टा करत होते, भांडत होते, एकाने तर मला सासुरवाडी कुठली ते विचारल्याचं मास्तरांनी सांगितलं. पन्नास वर्षांच्या आयुष्यात मी इतकं बोलकं मौन पाहिलं नव्हतं.

कारखान्याच्या कोपऱ्यात लाकडी फळ्यांनी बंद केलेली छोटी ऑफिसची खोली होती. तिथे एक जुना टेपरेकॉर्डर, तारेने थेट बोर्डाला जोडलेला. मास्तरांच्या घरी टेप नव्हता; माझ्या कॅसेटी सगळे इथेच ऐकायचे. वरचा बल्ब इतका मंद की आतली तार लालसर दिसत होती. मी वर बघतोय हे पाहून मास्तर म्हणाले, "व्होल्टेज. सगळे लूम एकदम करंट ओढतात ना. गुरुवार रात्रीपर्यंत हे असंच. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा बघा कसा लख्ख पेटतो."

अकलोली, गुरुवार

अकलोलीला माझ्याबरोबर हिराजी भोईर आला. टेमघरचा आगरी, इक्बालभाईंच्याच कारखान्यात लूम दुरुस्त करायची ड्युटी, आणि गावच्या भजनात ढोलकी. ड्युटी बदलून घेऊन तो आला होता. कशासाठी, तर पाव्हण्याचं बोट बरं व्हावं म्हणून. मला त्याने त्या दिवसापर्यंत पाहिलेलंही नव्हतं.

तानसा नदीच्या काठाला ती कुंडं. थंडीची सकाळ, आणि दगडी कुंडातून वाफा वर येत होत्या. शेजारून नदीचं गार पाणी वाहत होतं. कोणी चूल पेटवलेली नाही, कोणी बंब लावलेला नाही, आणि जमीन आपली युगानुयुगं पाणी तापवतेय. मी देवभोळा नाही, पण मी तिथे चप्पल काढून उभा राहिलो. गंधकाचा वास नाकात बसला होता, तरी हलावंसं वाटेना.

"सायेब, हलू पाय टाका. शेवाल हाय," हिराजी म्हणाला. त्याचं वाक्य संपायच्या आत मी घसरलो आणि धोतरासकट कुंडात बसलो. भलत्याच कुंडात. सगळ्यांत गरम ते! मी अशी बोंब ठोकली की पलीकडच्या कुंडातल्या चार म्हाताऱ्या पोट धरून हसल्या. हिराजीने मला बखोटीला धरून बाहेर ओढलं आणि सोसेल अशा कुंडात नेऊन बसवलं. मग तासभर तो माझं बोट पाण्याखाली धरून सावकाश चोळत राहिला. लूमच्या तेलाने काळे झालेले त्याचे हात, आणि माझं ते आखडलेलं बोट. मला भरून आलं, ते मी वाफेवर खपवलं.

बोट खरंच सैल झालं. सामान ठेवलेल्या धर्मशाळेत मी धावत गेलो, ओल्या धोतरानेच, आणि बरोबर आणलेला बॉक्स गणपतीनंतर पहिल्यांदाच उघडला. तारा लावल्या. धून सुरू केली. पहिल्या दोन ओळी गेल्या, आणि तिसरीत अनामिका मागे पडली. पुन्हा केली, पुन्हा तिथेच. बोट दुखत नव्हतं, वाकतही होतं, फक्त त्याला पळता येत नव्हतं. पाचव्यांदा थांबलो तेव्हा हिराजी दाराशी उभा होता.

"लय जोरात वाजवताव तुमी," तो एवढंच म्हणाला.

मी व्हायोलिन पुसलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसलं, आणि बॉक्स बंद केला. ठरवल्याप्रमाणे ते आता भिवंडीतच राहणार होतं.

नारपोली, शुक्रवार

सकाळी जाग आली ती कशाने ते आधी कळेना. मग कळलं, आवाजच नाही. लूम बंद. वहिनींना ऐकू न येणारी ती घरघर थांबली होती आणि सगळं गाव एकदम मोठं झाल्यासारखं वाटत होतं. कावळा ओरडला तो ऐकू आला, कोणी तरी गल्लीत बादली ठेवली तीही ऐकू आली. मी बराच वेळ अंथरुणात तसाच ऐकत पडलो.

जुम्म्याची नमाज झाल्यावर यांची बैठक. दर शुक्रवारी, इक्बालभाईंच्या कारखान्यात, थांबलेल्या लूमच्या मधल्या जागेत. आमच्याकडे बैठक म्हणजे गादी, लोड, अत्तर आणि पुढच्या रांगेत बसून माना हलवणारे जाणकार. इथे कापडाच्या ताग्यांवर बसायचं. इक्बालभाईंच्या आईने सांदणं पाठवली होती, तांदळाची वाफवलेली, नारळाच्या दुधात बुडवून खायची. ती मी किती खाल्ली ते इथे लिहीत नाही.

या बैठकीचा एक नियम मला फार चमत्कारिक वाटला. आपलं आपण वाजवायचंच नाही. ज्याने त्याने दुसऱ्याकडून शिकलेलं वाजवायचं. त्यामुळे मास्तर, नाट्यपदं गाणारा माणूस, डोळे मिटून कव्वालीची सुरावट पेटीवर धरत होते; इक्बालभाई बेंजोवर टेमघरच्या हळदीचं गाणं वाजवत होते; आणि हिराजी, ज्याला मी नुसता भजनातला ढोलकीवाला समजलो होतो, त्याने मास्तरांकडून शिकलेली यमनची बंदिश अशी काही गुणगुणली की मी तोंडात बोट घातलं. सूर थोडे कच्चे होते, पण त्या गाण्याविषयीचं प्रेम असं, की आमच्या जाणकारांच्या रांगेत मला ते कधी दिसलं नव्हतं. कॅसेटी ऐकताना नाक मुरडणाऱ्या मला माझीच लाज वाटली.

आणि कोणी वाहवा करत नव्हतं. जागा आवडली की पाची बोटं छातीपुढे उघडून थरथरवायची. लूमच्या आवाजात दाद द्यायची ती सवय, शुक्रवारच्या शांततेतही तशीच.

"आता तुमच्यासाठी," इक्बालभाई म्हणाले. "सबनीससाहेब, ये चीज हम लोग तीन साल से बजा रहे हैं. चूक झाली तर सांगा."

त्यांनी बेंजोच्या तारा चांगल्या उतरवल्या. मास्तरांनी खालचा षड्ज धरला. हिराजीने भजनी ठेका धरला, संथ, एकेका मात्रेला टेकून. आणि बेंजोतून एक चाल निघाली. खोल, गंभीर, एकेक स्वर जमिनीवर अलगद ठेवत जाणारी. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. कोणाची ही चीज? कुठल्या घराण्याची? असं काही आपल्याला आयुष्यात सुचलं असतं तर, असं वाटून मला हेवासुद्धा वाटला. मग अंतरा आला, आणि त्यातल्या एका वळणाला मी ताडकन उठून उभा राहिलो.

ती माझी धून होती.

आधी आला तो राग. माझ्या पळत्या धुनीचं हे काय करून ठेवलंय यांनी! दुसऱ्याच क्षणी तो विरघळला, कारण धून पुढे चालली होती आणि मला ती थांबायला नको होती. संपल्यावर तिघे माझ्याकडे परीक्षेला बसल्यासारखे बघत राहिले.

"इतकी सावकाश कोणी शिकवली तुम्हाला?" मी विचारलं.

"तुम्हीच!" मास्तर म्हणाले. "तुमच्या कॅसेटवरून. थोडी आम्ही आणखी मुरवली, तेवढंच."

"लावा बघू ती कॅसेट."

इक्बालभाईंनी ऑफिसातला टेपरेकॉर्डर तार सोडवून आणला आणि लूमजवळच्या बोर्डाला जोडला. बटण दाबलं, आणि माझं व्हायोलिन सुसाट सुटलं. मी वाजवलं होतं तसंच, त्याच वेगात. इक्बालभाईंनी घाईघाईने बटण बंद केलं.

"हे नका ऐकू साहेब. ही मशीन शुक्रवारी पळते. सहा दिवस बरोबर चालते, शुक्रवारीच हिला काय होतं अल्ला जाने. दोनदा रिपेरवाल्याला दाखवली."

मी वर पाहिलं. इथलाही बल्ब लख्ख पेटला होता. मास्तरांनीही वर पाहिलं, आणि त्या गणिताच्या माणसाचा चेहरा खर्रकन उतरला. व्होल्टेज पडलेलं असताना टेप हळू फिरायची; हळू फिरली की सूरही खाली यायचा. आठवड्याचे सहा दिवस हळू, एक दिवस नीट, आणि या मंडळींनी सरळ बहुमताचा निकाल मानला होता. मी हसायला लागलो ते मला थांबवताच येईना. शांती, ठहराव! चार पानी पत्राचा अर्थ मला आज कळत होता.

पण ते तिघं हसत नव्हते. मास्तर पेटी बंद करून बसले होते. "तीन वर्षं," ते म्हणाले. "शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवली. इक्बालभाईंनी भाचीच्या लग्नात वाजवली."

"माफी असावी साहेब," इक्बालभाई म्हणाले. त्यांनी बेंजो बाजूला ठेवला आणि कानाच्या पाळ्या धरल्या. "आज असली बजाके सुनाओ. हम फिर से सीखेंगे."

आता आली का पंचाईत! तिघं हात जोडून बसलेले, आणि मला ती धून येत नव्हती. माझी स्वतःची. मग मी सगळं सांगून टाकलं. गणपतीत अर्ध्यातून उतरलो ते, काल धर्मशाळेत पाच वेळा अडलो ते. "कुंडाने जेवढं व्हायचं तेवढं झालं," मी म्हटलं. "आता हे व्हायोलिन मी इथेच ठेवून जाणार आहे. तुम्ही तरी वाजवा." आणि हवाली करायला आणलेल्या बॉक्समधून व्हायोलिन बाहेर काढून मी तारांवरून एकदा हात फिरवला. बोलताना आवाज फाटला, तो लपवायला तिथे लूमचा आवाजही नव्हता. इक्बालभाईंनी रिकामा बॉक्स उचलून मांडीवर घेतला आणि खाली मान घातली.

मग हिराजी म्हणाला, "मंग हलू वाजवा ना. आमी वाजवतो तशी. कोन पाठी लागलाय काय?"

खरंच, कोण लागलं होतं पाठी?

मी खुंट्या सैल केल्या. त्यांच्या षड्जापर्यंत तारा उतरवल्या. तारा मऊ झाल्या, बोटाखाली दबायला लागल्या. हिराजीने ठेका धरला. मी डोळे मिटून सुरुवात केली. तिसरी ओळ आली. अनामिका निघाली. सावकाश, तिच्या कलाने. आणि ती पोचली तेव्हा स्वर तिची वाट बघत थांबलेला होता.

तो कोमल गंधार होता. मीच तिथे ठेवलेला, वीस वर्षांपूर्वी. पण टाळ्यांच्या नादात त्याच्यावरून मी नुसता पळत गेलो होतो. तो कसा वाजतो हे मला आज पहिल्यांदा ऐकू आलं. मी त्याच्यावर थांबलो. इक्बालभाई बेंजो घेऊन हळूच सामील झाले, मास्तरांनी पेटी उघडली. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. पुढे दोन ठिकाणी चुकलो, त्याचं काही वाटलं नाही. डोळे उघडले तेव्हा तीन हात माझ्यापुढे पाची बोटं उघडून थरथरत होते.

इक्बालभाईंनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं आणि बॉक्सकडे बोट केलं. "फिर इसका क्या करना साहेब? कपाटात ठेवू?"

"हात तर लावून बघा त्याला!" मी खेकसलो, आणि मग सगळेच हसलो.

शनिवारी दुपारची एस.टी. होती. निरोप घ्यायला कारखान्यात गेलो तर बाराही लूम सुरू, बल्ब पुन्हा लाल. इक्बालभाईंनी लांबूनच हाताने विचारलं, एकदा वाजवायची? त्या गदारोळात? मी मान डोलावली. चौघंही ऑफिसाच्या दाराशी बसलो आणि वाजवायला लागलो. मला माझं व्हायोलिन अजिबात ऐकू येत नव्हतं. पण तिसऱ्या ओळीत माझं बोट वेळेवर पोचलं, ते मला कळलं.